जुन्या पुस्तकांचं डिजिटायझेशन: आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय शंभर वर्षांहून जुनं आहे. माळ्यावरच्या तीन कपाटांत जुनी पुस्तकं, मासिकं, स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव अंक, थोड्या पोथ्या असं बरंच काही आहे. आम्ही पाच-सहा जण शनिवार-रविवारी बसून ते स्कॅन करतो आणि लोकांसाठी खुलं करतो. बाकीच्या वाचनालयांतले लोक, विद्यार्थी, गावातले आजी-आजोबा येऊन तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं.

डिजिटायझेशन म्हणजे पुस्तकाची पीडीएफ करायची, एवढंच ना?

नाही हो. आधी आम्हीही तेच समजत होतो. एका एजन्सीला पहिली पुस्तकं दिली, त्यांनी झटपट स्कॅन करून एक हार्ड डिस्क आणून दिली आणि उघडून बघतो तर फाईलींची नावं नुसती एक, दोन, तीन, चार. आत काय आहे ते प्रत्येक फाईल उघडल्याशिवाय कळायचं नाही, काहींची मुखपृष्ठं घेतलेलीच नाहीत, दोन पुस्तकांत मधली सोळा-सोळा पानं गायब. ते सगळं परत करावं लागलं, म्हणजे तीच जीर्ण पानं दुसऱ्यांदा उलटावी लागली, आणि त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

तेव्हा कळलं की स्कॅन करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्याच्या आधी पुस्तक निवडणं, झटकणं, पानं मोजणं असतं आणि नंतर नोंद करणं, फाईल जपणं, हक्क तपासणं, आणि शेवटी ज्याला हवंय त्याला ते सापडेल अशा जागी ठेवणं. कपाटाला कुलूप होतं ते काढून हार्ड डिस्कला लावलं तर वाचकाच्या हाती काय पडलं?

पुस्तकं कपाटात नीट आहेत की, मग एवढी घाई कशाला?

नीट दिसतात, हात लावला की कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद लाकडाच्या लगद्यापासून बनायला लागला, तो स्वस्त पडला म्हणून पुस्तकं-वर्तमानपत्रं वाढली, पण त्या कागदात आम्ल असतं आणि ते कागदाला आतूनच खातं. आधी पिवळा, मग तपकिरी, मग कोपरा दुमडला की तुकडा हातात. पेशवाईतला हातकागद कितीतरी वेळा अजून लवचीक असतो आणि १९२० च्या आसपासचं मासिक मात्र पापडासारखं मोडतं. जुनं ते जास्त नाजूक असं सरसकट नसतं, हे आम्हाला काम करताना पटलं.

वर आपला पावसाळा. चार महिने दमट हवा, मग बुरशी, कसर, वाळवी. आणि माणसांमुळे होणारं नुकसान वेगळंच. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली, ते फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना घाई का ते वेगळं सांगावं लागत नाही. एकच प्रत आणि ती एकाच इमारतीत, यासारखा धोका नाही.

कपाटं भरून पुस्तकं आहेत, सुरुवात कुठून करायची?

जे दुसरीकडे कुठेच नाही तिथून. मोठ्या लेखकांची गाजलेली पुस्तकं बहुतेक वेळा कुणीतरी आधीच स्कॅन केलेली असतात, पंधरा मिनिटं शोधलं तरी कळतं, तीच परत करण्यात शनिवार घालवू नका. पण तुमच्या गावच्या नगरपालिकेचा जुना अहवाल, शाळेची स्मरणिका, व्याख्यानमालेच्या पत्रिका, बंद पडलेलं स्थानिक साप्ताहिक, एखाद्या जातीच्या किंवा व्यापाऱ्यांच्या परिषदेचा वृत्तांत, हे पुण्या-मुंबईतल्या संस्थांकडे असेलच असं नाही. तुमच्याकडची प्रत गेली तर ते कायमचं गेलं.

दिवाळी अंकांकडेही बघा. आपल्याकडे ही परंपरा १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या मनोरंजन मासिकापासून धरतात, आणि छोट्या गावांतून निघालेले कितीतरी अंक दोन-चार वर्षं चालून बंद पडले. त्यातल्या जाहिरातीसुद्धा सोडू नका, हे मुद्दाम सांगतो. जाहिरातींची पानं गाळून स्कॅन करणारे आहेत. पण त्या वर्षी साबणाची वडी केवढ्याला होती, गावात कुठलं दुकान नवीन निघालं, कुठल्या औषधाचा बोलबाला होता ते तिथेच सापडतं.

मोबाईलने फोटो काढले तर चालणार नाही का?

काहीच नसण्यापेक्षा शंभर टक्के चालेल, पण मग नीट काढा. मोबाईल हातात धरू नका, स्टँडवर बसवा. पुस्तकाखाली काळं कापड, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, फ्लॅश बंद. आणि फोटो आपोआप सुधारणारी जी अ‍ॅप असतात ती कागद पांढराशुभ्र करायच्या नादात पुसट टिंबं आणि अनुस्वार उडवतात. मराठीत एक टिंब उडालं की शब्द बदलतो.

आमच्याकडे आता वरून फोटो घेणारा कॅमेरा आणि पुस्तक अर्धवट उघडं ठेवायला इंग्रजी व्हीच्या आकाराचा लाकडी पाळणा आहे, तो गावातल्याच सुताराने करून दिला. साध्या छापील पानाला ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके घेतले ते माप) पुरतं, बारीक टाईप असेल तर ४००, नकाशे आणि फोटो असतील तर ६००. पहिल्या पानाबरोबर एक पट्टी आणि रंगांचं कार्ड ठेवून फोटो घ्या, म्हणजे पुढे कुणालाही मूळ आकार आणि रंग कळेल.

यात पुस्तक फाटत नाही का? बांधणी उसवावी लागते का?

आम्ही उसवत नाही. काही ठिकाणी शिवण कापून सुटी पानं मशीनमधून ओढतात, त्याने काम पटकन होतं, पण एकमेव प्रतीवर असं कधी करू नये, आणि पुस्तक १८० अंशांत दाबून सपाट करायचं नाही, पाठीचा कणा मोडतो. पान जीर्ण असेल तर खाली जाड कागद सरकवून उलटायचं. हात धुवून कोरडे करायचे, बोटाला थुंकी लावायची नाही. सेलोटेप तर अजिबात नको, दहा-पंधरा वर्षांत तिचा चिकट तपकिरी डाग अक्षरांवर उतरतो. लॅमिनेशनही नको. दुरुस्ती करायचीच तर जपानी टिश्यू, म्हणजे एक पातळ पण चिवट कागद, आणि साधी खळ, तीही जाणकाराकडून.

फाईली किती जागा खातात? आणि त्या किती वर्षं टिकतात?

हिशोब सोपा आहे. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ३०० डीपीआयला टिफ फाईलमध्ये, काहीही न दाबता ठेवलं तर २५-२६ एमबी होतं. आपली बरीच जुनी पुस्तकं त्याच्या निम्म्या आकाराची असतात, म्हणजे पानाला १३ एमबी, दोनशे पानांचं पुस्तक अडीच-पावणेतीन जीबी. हजार पुस्तकं केली तर अडीच टीबीच्या वर. ही झाली मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही. वाचकांसाठी तिच्यावरून हलकी पीडीएफ बनवायची, जी गावाकडच्या नेटवर मोबाईलमध्येही उघडेल.

टिकण्याचं म्हणाल तर हार्ड डिस्क पुस्तकापेक्षा फार लवकर मरते. शंभर वर्षांचं पुस्तक आजही उघडतं, पाच-सात वर्षांची डिस्क एका सकाळी नुसती टकटक आवाज करते आणि संपलं. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वाचनालयाच्या बाहेर. आणि प्रत्येक फाईलचा चेकसम काढून ठेवायचा, चेकसम म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा, वर्षाने परत काढला आणि जुळला नाही तर फाईल आतून बिघडलीये. डिस्क घ्यायला देणगीदार मिळतो हो, दरवर्षी तपासायला माणूस मिळत नाही, आणि खरी गरज त्या माणसाची असते.

नोंदीत एवढं काय भरता? नाव आणि लेखक पुरे की.

नाही पुरत, आणि आमचा सगळ्यात जास्त जीव याच कामात अडकलाय. एकच लेखक पाहा: वि. का. राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, नुसतं इतिहासाचार्य राजवाडे. तिन्ही वेगवेगळे भरले तर शोधणाऱ्याला एक तृतीयांशच सापडणार. तसंच सालाचं. जुन्या पुस्तकावर बऱ्याचदा शके असतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शके चैत्रात बदलतं त्यामुळे पौष-माघात छापलेल्या पुस्तकाला ७९ मिळवायला लागू शकतात. शके १८०३ म्हणजे १८८१ किंवा १८८२ चे पहिले महिने. आम्ही दोन्ही लिहितो, पुस्तकावर छापलंय तसंही आणि इसवी सनही. मोडी कागद असेल तर तिथे शुहूर सन असतो, सलास, अर्बा, खमस असा अरबी शब्दांत लिहिलेला, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे.

याशिवाय छापखाना, गाव, किंमत, आवृत्ती, पानं, कुणाच्या संग्रहातून आलं, आतल्या पानावर कुणाची सही आहे, मधलं एखादं पान मुळातच नाही का, हे सगळं. डब्लिन कोअर नावाची १५ रकान्यांची एक जगभर चालणारी पद्धत आहे, छोट्या वाचनालयाने तेवढे रकाने एक्सेलमध्ये नीट भरले तरी पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येतात. देवनागरीत भरा आणि सोबत रोमन स्पेलिंगही द्या, कारण बाहेरदेशी बसलेला माणूस कशात शोधेल सांगता येत नाही.

स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द शोधला तर सापडत का नाही?

कारण स्कॅन हे चित्र आहे. अक्षरं ओळखायला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून त्यांचा मजकूर करणारं तंत्र, चालवावं लागतं, टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी वाचतं आणि स्वच्छ छपाई असेल तर बरं वाचतं. पण १८३० नंतरची कित्येक मराठी पुस्तकं शिळाप्रेसची आहेत, म्हणजे दगडावर हाताने लिहून छापलेली. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये पंचांग छापलं ते याच पद्धतीने. ते दिसतं देखणं, पण प्रत्येक पान हस्ताक्षर असल्यामुळे ओसीआर तिथे अडखळतं.

आणि नीट ओळखलं तरी दुसरी अडचण येते, ती खास आपली आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधी लोक कां, नाहीं, तूं, पुस्तकें असं लिहायचे. आता तुम्ही टाईप करणार पुस्तके आणि छापलंय पुस्तकें, मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. म्हणून जुन्या मजकुरात शोधताना दोन्ही तऱ्हेने शोधा. पण मूळ मजकूर मात्र आम्ही आजच्या नियमांप्रमाणे कधीच बदलत नाही, त्या अनुस्वारांत भाषेचा इतिहास आहे, तो दुरुस्त करायला आम्ही कोण.

मोडी कागदांचं काय?

हा फार मोठा प्रश्न आहे आणि याचा विचार केला की रात्री झोप येत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात कागद कापडाच्या रुमालांत बांधलेले आहेत, रुमालांमागून रुमाल. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० च्या सुमारास त्यातून निवडून ४५ खंड छापले आणि तरी ते समुद्रातलं तांब्याभर पाणी. तिकडे तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात, १९१० पासून, लोकांनी घरोघरची दफ्तरं आणून दिली, आणि त्याच्या आधीपासून राजवाडे गावोगाव पायपीट करून माळ्यांवरून कागद गोळा करतच होते.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली, त्यामुळे मोडी मोडीतच टाईप करता येते. पण हातची मोडी वाचायला आम्ही माणसांवरच विसंबतो. प्रत्येक लेखकाचं वळण वेगळं, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून आमचं सांगणं असं की वाचणारा मिळेपर्यंत थांबू नका, आत्ता चांगलं स्कॅन करा, सन आणि गाव वाचता आलं तर तेवढंच नोंदवा आणि खुलं करा. नागपूरला किंवा न्यू जर्सीत बसलेला कुणी मोडी शिकलेला माणूस ते वाचेल.

कॉपीराईट? उद्या नोटीस आली तर?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला सगळ्यांसाठी मोकळं झालं. डॉ. आंबेडकर १९५६ मध्ये गेले, त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेलं लेखन २०१७ ला. आचार्य अत्रे १९६९, म्हणजे २०३० पर्यंत थांबायचं. पु. ल. २००० मध्ये गेले, तर २०६१. लेखकाचं नाव नसेल किंवा लेखन मरणोत्तर छापलं असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं मोजायची.

घोळ होतो तो असा की पुस्तक जुनं म्हणजे मोकळं असं लोक समजतात. १९३५ मध्ये पंचविशीत असलेल्या कवीचं पुस्तक असेल आणि कवी १९९० मध्ये गेला असेल तर ते मोकळं नाही. उलट मूळ लेखन मोकळं असेल पण नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, भाषांतर दुसऱ्याचं असेल तर त्याचे हक्क वेगळे. मासिकाच्या अंकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, मग एकेकाचं मृत्युवर्ष शोधत बसायचं. कंटाळवाणं आहे पण करावं लागतं.

ज्यावर हक्क आहेत ते जपता येत नाही असं मात्र नाही. कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, तिच्यानुसार नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जपणुकीसाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. म्हणून स्कॅन करा, ठेवा, फक्त नेटवर टाकू नका. आणि वारसांना पत्र लिहा. आम्ही लिहिली तेव्हा बऱ्याच जणांनी आनंदाने परवानगी दिली, एका आजींनी तर वडिलांची आमच्याकडे नसलेली दोन पुस्तकं पाठवून दिली.

एवढे कष्ट करून फुकट का देता? निदान प्रत्येक पानावर वाचनालयाचा शिक्का तरी टाका.

हा प्रश्न आमच्याच कार्यकारिणीत दोन वर्षं चालला. पानभर आडवा वॉटरमार्क टाकला की वाचणाऱ्याला त्रास, ओसीआर बिघडतं, आणि पुढे ते पान कुणाला अभ्यासात वापरायचं असेल तर वापरता येत नाही. आम्ही फाईलच्या पहिल्या पानावर वाचनालयाचं नाव आणि दाखलनंबर देतो, बस.

फुकट का, तर ही पुस्तकं आमची नाहीतच. कुणीतरी देणगीत दिली, सभासदांच्या चार-चार आण्यांच्या वर्गणीतून घेतली, सरकारी अनुदानातून घेतली. मोकळ्या झालेल्या पुस्तकावर आम्ही परत कुंपण घालणं बरोबर नाही असं आम्हाला मनापासून वाटतं. आणि खुलं केल्यावर माणसं येतात. एका साप्ताहिकाचे अंक टाकले तर एक बाई फोन करून म्हणाल्या की त्यात माझ्या आजीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाची बातमी आहे, तिचं छापलेलं नाव मी पहिल्यांदा बघितलं.

मला नुसतं वाचायचंय, कुठे बघू?

इंटरनेट अर्काइव्ह या फुकट वेबसाईटवर आधी बघा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुन्या प्रकल्पातली बरीच मराठी पुस्तकं तिथे आहेत, पण नावं रोमनमध्ये आणि स्पेलिंग वाट्टेल तसं, त्यामुळे तीन-चार तऱ्हेने शोधा. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी पुस्तकं खुली केली आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ग्रंथ संजीवनी हा डिजिटल संग्रह आहे, पुण्यात गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह आहे, सरकारी कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख पटल ही वेबसाईट. शब्दांचं वेड असेल तर शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश शोधता येईल असा करून ठेवलाय, जुनं पुस्तक वाचताना आम्ही तो बाजूला उघडाच ठेवतो. गोव्याचं काही हवं असेल तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाकडे विचारा, ते १८३२ पासूनचं आहे, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण काढलं त्याच वर्षीचं.

स्कॅन झालं की मूळ पुस्तकं काढून टाकता येतील ना? जागा होईल.

कृपा करून नको. स्कॅनमध्ये कागदाचा पोत येत नाही, शिवण येत नाही, एखादं पान पुसट आलंय हे वीस वर्षांनी लक्षात आलं तर परत जायचं कुठे? उलट स्कॅन झाल्याने मूळ प्रतीला विश्रांती मिळते, कारण दरवेळी ती काढावी लागत नाही.

मला स्कॅनर वगैरे जमत नाही, तरी मदत करता येईल?

हो, आणि खरं तर तिथेच माणसं कमी आहेत. मराठी विकिस्रोत या लोकांनी मिळून चालवलेल्या ऑनलाईन ग्रंथालयावर एका बाजूला पानाचं चित्र असतं, दुसऱ्या बाजूला ओसीआरने काढलेला मजकूर, तो वाचून चुका दुरुस्त करायच्या. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने परत तपासलं की हिरवं. रोज एक पान केलं तरी चालतं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या सकाळी चहा झाला की तीन पानं करतात, त्यांनी एकटीने चार पुस्तकं पुरी केली.

आमच्या घरी आजोबांची ट्रंक आहे, त्यात जुनी पत्रं नि वह्या आहेत. काय करू?

पहिलं म्हणजे रद्दीवाल्याला फोन करू नका. ट्रंक ओल नसलेल्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. कागदांवर डांबराच्या गोळ्या टाकू नका, रबरबँड नि टाचण्या असतील तर हलक्या हाताने काढा, त्या गंजतात. कागद ज्या क्रमाने बांधलेत तो क्रम मोडू नका, कुठलं पत्र कशाबरोबर बांधलंय यातूनही बरंच कळतं. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, पेनाने नको. आणि आज संध्याकाळीच घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून एकेक फोटो दाखवा, मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, हा कोण, ती कोण, हे घर कुठलं. मग जवळच्या वाचनालयात या. कागद आम्हाला द्यावेच लागतील असं नाही, आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ तुमचं तुम्हाला परत देतो, फाईलची एक प्रत तुम्हाला आणि एक आम्हाला, आणि कुठलं पत्र खासगी ठेवायचं ते तुम्हीच ठरवायचं.